टँगो शिकायचा आहे, पण धीर होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण टँगो नाचतो. कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर, कोटा फरशीवर. मी पुण्यात असताना हा नाच शिकले. गावी परत आल्यावर वर्षभर नवऱ्यासोबत स्वयंपाकघरात सराव केला आणि तीन वर्षांपूर्वी इतरांनाही बोलवायला लागले. तेव्हापासून फोनवर, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यातले नाचाबद्दलचे थोडे, बाकीचे भीतीबद्दलचे. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

टँगो म्हणजे ते तोंडात गुलाब धरून, मान झटकून करतात तेच का?

नाही. मान झटकण्याचा प्रकार बॉलरूम टँगोतला. टँगो युरोपात गेल्यावर इंग्रजांनी तो स्पर्धेसाठी नियमात बसवला. पाय हवेत उडवणारा प्रकार रंगमंचावरचा, तो पाहण्यासाठी असतो. आम्ही नाचतो तो अर्जेंटिनाचा साधा, लोकांचा टँगो. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्युनोस आयर्स आणि मोंतेविदेओ या दोन बंदरांच्या शहरांत, गरीब वस्त्यांत घडला. इटली-स्पेनमधून कामाच्या शोधात आलेले लोक, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाची माणसं, खेड्यातून शहरात आलेले गुराखी, सगळ्यांचं काही ना काही त्यात मिसळलं. तिथल्या घरंदाज लोकांनी आधी नाकं मुरडली. मग १९१२-१३ च्या सुमारास पॅरिसला या नाचाचं वेड लागलं आणि तोच नाच परत येऊन त्यांच्या दिवाणखान्यात बसला. २००९ मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचा वारसा म्हणून त्याची नोंद केली.

हे मुद्दाम सांगते, कारण ‘हे मोठ्या लोकांचं काम आहे, आपलं नाही’ असं इथे पुष्कळांना वाटतं. हा नाच सुरू केला तो घर सोडून पोटामागे आलेल्या माणसांनी.

मला नाचताच येत नाही. वरातीतही मी बाजूला उभा राहतो. जमेल का?

तुम्हाला चालता येतं ना? टँगोचा पाया चालण्यावर आहे. एक जण पुढे चालतो, दुसरा त्याच्यासमोर मागे चालतो, आणि दोघांचं वजन एकाच क्षणी एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं. पहिले दोन महिने आम्ही जवळजवळ एवढंच करतो.

माझ्या सासूबाई एकदा येऊन बसल्या होत्या. दोन तास बघितलं आणि उठताना म्हणाल्या, “हे तं नुसतं चालनंच हाय वं माय.” टँगोबद्दल इतकं नेमकं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

वरातीत नाचणारे पोट्टे पहिल्या दिवशी बहुतेक अडतात, कारण त्यांना सतत काहीतरी करायचं असतं. बाजूला उभं राहणाऱ्याला थांबता येतं, आणि टँगोत थांबणं हीसुद्धा एक हालचाल आहे. आमच्याकडचे एक काका लहानपणापासून शेतात डवऱ्यामागे, म्हणजे कोळप्यामागे चाललेले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधून, रोपाला धक्का न लावता, अरुंद जागेत पाऊल टाकायची सवय. एका रेषेत पाऊल ठेवणं शहरातल्या लोकांना महिनोन्‌महिने जमत नाही. काकांना ते पहिल्याच दिवशी आलं. मला पुण्यात चार महिने लागले होते.

परक्या माणसाला मिठी मारावी लागते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि खरी भीती हीच आहे. बाकीचे सगळे प्रश्न हा प्रश्न विचारायचा धीर होत नाही म्हणून विचारले जातात, असं मला आता वाटतं.

स्पॅनिशमध्ये या मिठीला अब्राझो म्हणतात. पुढे चालणारा तो लीडर, मागे चालणारा तो फॉलोअर. लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या पाठीवर, फॉलोअरचा डावा हात लीडरच्या दंडावर किंवा खांद्यावर, आणि दुसरे दोन हात एकमेकांत, बाजूला. मिठी दोन तऱ्हेची असते. उघड्या मिठीत दोघांमध्ये हातभर अंतर राहतं. जवळच्या मिठीत छातीला छाती लागते. जवळ किती यायचं हे फॉलोअरने ठरवायचं, आणि लीडरने ते अंतर ओढून कमी करायचं नाही. आमच्याकडे हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. तो मोडणाऱ्याला आम्ही एकदा सांगतो, दुसऱ्यांदा येऊ देत नाही. तीन वर्षांत एकाला असं थांबवावं लागलं.

पहिल्या दिवशी मिठी नसतेच. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांच्या कोपराखाली हात धरायचे, बस. त्या धरलेल्या हातांतून समोरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे हे कळायला लागतं. डोळे मिटून करून बघा. समोरचा पाऊल उचलायच्या आधी त्याचा श्वास जरासा वर जातो, तो तुमच्या हाताला कळतो. पहिल्यांदा कळतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्यानंतर मिठीकडे बघण्याची नजर बदलते, कारण ती कशासाठी आहे हे शरीराला समजलेलं असतं: तिथून निरोप जातो.

आणखी एक सांगते. तुळजापूरच्या यात्रेला निघालेल्या एसटीत, आठवडी बाजाराच्या ऑटोत आपण परक्या माणसांना याहून जास्त चिकटून बसतो, आणि तिथे आपल्याला कोणी विचारलेलं नसतं. टँगोत दर वेळी विचारलं जातं.

पण विचारतात कसं? कोणी ‘नाही’ म्हटलं तर सगळ्यांसमोर तोंड पाडून परत यायचं का?

टँगोची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. या नाचाचे रिवाज लाजऱ्या माणसांसाठीच घडवले असावेत, इतके ते अलगद आहेत.

नाचायचं असेल तर कोणी उठून कोणाच्या खुर्चीपाशी जात नाही. लांबूनच बघायचं. समोरच्यानेही तुमच्याकडे बघितलं आणि नजर ठेवली, तर मान किंचित हलवायची. त्याने मान हलवली की ठरलं, मगच उठायचं. याला काबेसेओ म्हणतात. समोरच्याला नाचायचं नसेल तर तो नजर दुसरीकडे वळवतो. कोणी काही बोललं नाही, कोणी काही ऐकलं नाही, शेजारी बसलेल्याला पत्ताही लागला नाही. ‘नाही’ म्हणायला शब्द लागत नाही, त्यामुळे ज्यांना कोणाला नाही म्हणताच येत नाही त्या बायकांनाही ते जमतं. आमच्या एक वहिनी म्हणाल्या होत्या, “मी आयुष्यात पहिल्यांदा कोनाले नाही म्हटलं, अन् कोनाले राग नाही आला.”

दुसरा रिवाज तांदाचा. तीन किंवा चार गाण्यांचा एक गट, तो तांदा. तेवढी गाणी त्याच जोडीदारासोबत नाचायची. गट संपला की मध्ये वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, त्याला कोर्तिना म्हणजे पडदा म्हणतात. तो वाजला की सगळे आपापल्या जागी परत जातात. चांगलं झालं असो की अवघडल्यासारखं, दहा-बारा मिनिटांत आपोआप संपतं, कोणाला निमित्त शोधावं लागत नाही.

मधेच थांबावंसं वाटलं तर? ‘थँक यू’ म्हणायचं. टँगोत या शब्दाचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. म्हणून पहिल्या गाण्यानंतर सवयीने थँक यू म्हणू नका, समोरचा खरंच जाऊन बसेल.

तर धीर किती लागतो? बारा मिनिटांचा. वर्षभराचा गोळा करून यायची गरज नाही. मी पुण्यात सहा आठवडे त्या वर्गाच्या जिन्याखाली स्कूटर लावून परत गेले आहे, धीर पुरेसा झाला नाही म्हणून. मला कोणी हे बारा मिनिटांचं सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात वर गेले असते.

लोक काय म्हणतील? घरी कसं सांगू?

लोक म्हणतील. खोटं कशाला सांगू. आम्ही आधी ज्या सभागृहात जमायचो, तिथल्या लोकांनी दुसऱ्याच आठवड्यात किल्ली परत मागितली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘बाया-पुरुष एकत्र नाचतात, उद्या काही झालं तर?’ मला त्या दिवशी फार लागलं. राग होताच, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की किल्ली मागणाऱ्यांपैकी एकही जण वर येऊन बघून गेला नव्हता.

त्यातून एक शिकलो: लपवायचं नाही. आता आमचं दार आणि रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या असतात. खाली खत घ्यायला आलेला शेतकरी वर येऊन पाच मिनिटं उभा राहतो आणि जातो. मुलं जिन्यात खेळतात. ज्याच्या घरून विरोध आहे त्याला आम्ही सांगतो, पटवू नका, एकदा घेऊन या. आणलेल्यांपैकी सगळे शांत झाले असं नाही. एका मुलीच्या वडिलांनी बघून गेल्यावरही बंदच केलं तिचं येणं. ती अजून घरी आरशासमोर सराव करते आणि मला निरोप पाठवते. पण बहुतेकांची कल्पना काहीतरी वेगळी असते, आणि समोर दिसतं ते कपाळाला आठ्या घालून पाय मोजणारी चार-पाच जोडपी.

आणि बाया-पुरुषांनी एकत्र नाचणं विदर्भाला परकं आहे, हे मला मान्यच नाही. गडचिरोलीकडे गोंड-माडिया लोक हातात हात गुंफून रात्रभर रेला नाचतात. मेळघाटात कोरकूंचे नाच आहेत. आपल्या मातीत नाच नव्हता असं नाही. आपल्यापैकी काही घरांनी तो ओट्यावरून खाली उतरवला, एवढंच.

घरी सांगताना ‘डान्स क्लास’ म्हणण्यापेक्षा ‘रविवारी सकाळी सात ते नऊ, अमक्याच्या वर, तूही चल’ असं सांगा. वेळ, जागा, सोबत कोण, हे कळलं की अर्धी काळजी कमी होते.

जोडीदार नाही. नवऱ्याला अजिबात आवडत नाही. एकटी येऊ का?

या. अर्ध्याहून जास्त लोक एकटेच येतात. आम्ही दर दोन तांद्यांनी जोड्या बदलतो. बाईने बाईसोबत आणि पुरुषाने पुरुषासोबत सराव करणं इथे रोजचंच आहे. ब्युनोस आयर्समध्येही बाहेरून आलेल्यांत पुरुषच फार होते, म्हणून ते आपसांतच सराव करायचे, आणि नव्या मुलाला आधी फॉलोअरचं काम शिकावं लागायचं. आमच्याकडेही प्रत्येकाला दोन्ही बाजू शिकवतो. दुसऱ्याच्या हाताखाली मागे चालून बघितलेला माणूस पुढे चालताना ढकलत नाही.

माझं वय ५८ आहे. गुडघे दुखतात.

टँगोत उड्या नाहीत. ब्युनोस आयर्सच्या हॉलमध्ये सत्तरी-ऐंशीतली माणसं नाचतात आणि त्यांच्याशी नाचायला तरुण वाट बघतात. अमेरिकेत पार्किन्सनच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत टँगोने तोल सुधारल्याचंही दिसलं आहे. गुडघ्याला त्रास होतो तो पाय जमिनीला चिकटलेला असताना अंग वळवल्याने. म्हणून वळायचं ते टाच किंचित उचलून, चवड्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा.

साडीत चालेल का? बूट कुठून आणू?

पाचवारी साडीत एक खरी अडचण आहे. मागे पाऊल टाकताना पाय मांडीपासून लांब न्यावा लागतो आणि निऱ्या तो अडवतात. नऊवारीच्या काष्ट्यात ही अडचण येत नाही. आमच्या एक आजी नऊवारीतच येतात आणि त्यांचं मागचं पाऊल सगळ्यात लांब पडतं. सलवार-कुडता सोयीचा. ओढणी कमरेला बांधा.

बुटांसाठी शहरात जाऊ नका. रबराचा तळवा फरशीला धरून ठेवतो, वळता येत नाही, हा खरा प्रश्न. बसस्टँडजवळच्या मोच्याकडे घरातले जुने, पायात घट्ट बसणारे बूट किंवा सँडल घेऊन जा आणि म्हणा, तळव्याला पातळ चामडं लावून दे, खरखरीत बाजू बाहेर ठेव. आमच्या मोचीदादांनी पहिल्यांदा तीनदा विचारलं, “खरखरीत बाजू बाहीर? नक्की?” आता आमचा माणूस दिसला की न सांगता तेच करून देतात. तोवर बुटांवरून जुना सुती मोजा चढवला तरी भागतं. उंच टाचा लागत नाहीत.

गाण्यात ठेकाच सापडत नाही. ढोलकी कुठे आहे?

नाहीये. आपला कान संदल आणि डीजेवर वाढलेला, त्यामुळे तो ढोल शोधत बसतो. टँगोच्या वाद्यवृंदात बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास असतात, चामड्याचं वाद्य सहसा नसतंच. ठेका पियानोचा डावा हात आणि बास मिळून धरतात. खालून, दबक्या पावलांनी येणारा ‘धम्‌ धम्‌’ ऐका. त्यावर नुसतं जागच्या जागी वजन बदला.

बांदोनेऑन हे मूळचं जर्मन वाद्य. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख बांड यांनी ते पुढे आणलं, म्हणून ते नाव. टँगोत वाजतं त्याला ७१ बटणं असतात. भजनी मंडळात पेटी वाजवणारे आमचे एक भाऊ पहिल्यांदा ऐकून लगेच म्हणाले, ही पेटीची बहीण आहे. बरोबरच आहे. दोन्हींत भात्याची हवा धातूच्या पात्यांना थरथरवते. फक्त पेटी मांडी घालून बसते आणि बांदोनेऑन मांडीवर बसतो.

सुरुवातीला कार्लोस दि सार्ली यांचा वाद्यवृंद ऐका. त्यांची चाल मोकळी, पाऊल टाकायला भरपूर जागा देणारी. अंगात सुस्ती असेल तर हुआन दारिएन्सो. त्यांच्या करकरीत ठेक्याने १९३५ नंतर ब्युनोस आयर्सची तरुण मंडळी परत नाचायला उठली, लोक त्यांना तालाचा राजा म्हणत. कापूस वेचताना फोनवर लावून ठेवा. तीन आठवड्यांत कानाला आपोआप कळायला लागतं. त्रॉइलो आणि पुग्लिएसे यांच्याकडे नंतर जा, त्यांत वेळ ताणलेला असतो आणि नवखा माणूस गोंधळतो.

गोल फिरताना सगळे एकाच दिशेने का जातात?

टक्कर होऊ नये म्हणून. दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलटी, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याही उलटी. पहिले काही दिवस पाय आपोआप देवळातल्यासारखे वळतात.

किती दिवसांत येईल?

गर्दीत कोणाला धक्का न लावता एक गाणं चालायला तीन-चार महिने. ओचो यायला आणखी थोडे. ओचो म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ. फॉलोअरचे पाय जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीची धूळ गावभर उडते, फरशीवर तिचा पातळ थर बसतो. अशा एका सकाळी झाडून घ्यायच्या आधीच आम्ही नाचलो आणि उन्हं आत आल्यावर बघितलं, तर फरशीभर आठच आठ उमटले होते. काही गोल, काही मोडके. ज्याचा-त्याचा आठ ज्याला-त्याला ओळखू आला. त्या दिवशी कोणी झाडू हातात घेतला नाही.

हंगामात खंड पडतो, मग परत पहिल्यापासून का?

जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्यांनी आमची खोली भरते, पेरणी होईपर्यंत आम्ही गच्चीवर पहाटे साडेपाचला जमतो किंवा जमतच नाही. वेचणीतही तेच. शरीर विसरत नाही. मेच्या उन्हात मात्र आठनंतर थांबतो.

आमच्या गावात शिकवणारं कोणीच नाही.

दोन माणसं, एक फोन आणि दहा बाय दहाची गुळगुळीत जागा पुरते. रोज वीस मिनिटं, एक जण पुढे, एक जण मागे, नुसतं चाला, मग बाजू बदला. व्हिडिओत दिसणाऱ्या आकड्या आणि पाय अडकवण्याच्या करामतींपासून वर्षभर लांब राहा, त्याने पाठही दुखते आणि जोडीदारही. वर्षातून एकदा पुणे-मुंबईच्या टँगोच्या मंडळींकडे जाऊन या आणि काय चुकतं ते विचारा.

आधी नुसतं बघायला आलं तर चालेल का? कोणी जबरदस्तीने उठवणार तर नाही?

कोणी उठवणार नाही. जिन्याजवळ लाकडी बाक आहे, तो बघणाऱ्यांचाच आहे. एक ताई पाच रविवार तिथे बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कोणी त्यांना ‘चला’ म्हटलं नाही, चहा मात्र दर वेळी दिला. सहाव्या रविवारी शेंगांची पिशवी आणली नव्हती, आणि तांदा सुरू झाल्यावर त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आजींकडे बघत राहिल्या. आजींनी मान हलवली.

रविवारी पावणेसातला कुलूप उघडतं. जिना कृषी केंद्राच्या डाव्या बाजूने आहे, चपला खालीच काढा.